‘त्याला त्रास झाला नसेल’ असं मी बोलून गेले

प्रिय ताई,

मी 26 वर्षांची आहे. अपघात, आग, अचानक मृत्यू अशा प्रसंगी पोलिसांच्या किंवा रुग्णालयाच्या बोलावण्यावरून जाऊन घरच्यांसोबत थांबणाऱ्या एका स्वयंसेवक पथकात मी चार महिन्यांपूर्वी दाखल झाले. प्रशिक्षण घेतलं, दोन वेळा अनुभवी सहकाऱ्यांबरोबर गेले. तिसऱ्या वेळी एकटीच होते. 19 वर्षांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला होता. त्याची आई रुग्णालयातल्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काकू, त्याला त्रास झाला नसेल.’ त्यांनी वळून विचारलं, ‘तुला कसं माहीत?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतरचे तीन तास मी जवळजवळ गप्पच होते. त्यांचा मोबाईल बंद पडत आला होता, तो चार्जिंगला लावला. कुणाकुणाला कळवायचं ते त्या सांगत होत्या, मी कागदावर लिहून घेतलं. पोलीस काय विचारतायत ते त्यांना कळत नव्हतं, तेव्हा हळू आवाजात परत सांगितलं. त्यांना मुलाला बघायचं होतं, नातेवाईक नको म्हणत होते. मी मध्ये पडले नाही. 9 वर्षांच्या धाकट्या मुलीला ‘दादा झोपलाय’ असं सांगितलं जात होतं, तेव्हाही मी काही बोलले नाही. पहाटे त्यांची बहीण आली आणि मी निघाले.

तीन आठवडे झाले. रात्री मध्येच जाग येते आणि तोच प्रश्न ऐकू येतो. त्यांच्याकडे जाऊन माफी मागू का? मी मानसशास्त्र शिकलेली नाही. माझ्यासारखीने हे काम करावं का? आणि तो नंबरांचा कागद अजून माझ्या बॅगेत आहे, टाकवत नाही.

– एक स्वयंसेविका

अगं,

आधी त्या वाक्याचंच बघू, कारण तीन आठवडे तू तिथेच अडकली आहेस.

ते वाक्य बोलायला नको होतं. मी ‘चालतं गं, होतं असं’ म्हटलं तर तुझा त्यावर विश्वास बसणार नाही, म्हणून स्पष्टच सांगते. त्याला त्रास झाला की नाही हे तुला माहीत नव्हतं. त्या आईला मात्र त्या घटकेला नेमकं तेच हवं होतं, आपल्या मुलाच्या शेवटच्या काही मिनिटांत काय झालं ते. तू तिच्या पुढ्यात अंदाज ठेवलास आणि तिने तो लगेच ओळखला. तिचा प्रश्न तुला चपराकीसारखा लागला, पण तो खरोखरचा प्रश्नही असू शकतो. तिला उत्तर हवं होतं. पुन्हा असं कुणी विचारलं तर म्हण, ‘मला माहीत नाही, काकू. डॉक्टरांना माहीत असेल कदाचित. विचारायचं का? मी येते तुमच्याबरोबर.’ मग खरंच उठून त्यांच्याबरोबर जा. डॉक्टर जे सांगतील ते कदाचित फार कठीण असेल. तरी ते खरं असेल, आणि ऐकताना त्या एकट्या नसतील.

असं वाक्य तोंडातून का निघतं, याचाही विचार कर. समोरचं दुःख इतकं मोठं असतं की आपलाच श्वास कोंडतो, आणि तो मोकळा व्हावा म्हणून आपण काहीतरी बोलून टाकतो. ‘देवाच्या मनात होतं’, ‘तुम्हाला आता खंबीर व्हायला हवं’, ‘मला कळतंय तुमचं दुःख’ ही सगळी वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात. ‘निदान’ हा शब्द तर या कामात मी स्वतःला बंदच करून टाकला आहे. निदान दुसरं मूल आहे, निदान फार दिवस अंथरुणाला खिळले नाहीत. ‘निदान’ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य दुःखातून थोडं वजा करायला जातं, आणि ज्याचं दुःख असतं त्याला ती वजाबाकी बरोबर कळते.

आता उरलेल्या तीन तासांकडे ये. तू पत्रात ते असे लिहिलेस जणू तिथे काही घडलंच नाही.

माझा भाऊ अचानक गेला तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. एका रुग्णालयात एक माणूस आला, त्याने माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली, कागदावर सही घेतली आणि तो निघून गेला. पिशवीत भावाचे बूट होते. ती पिशवी उघडण्याआधी ‘यात त्यांच्या वस्तू आहेत, आत्ता बघायच्या की नंतर?’ एवढं कुणी विचारलं असतं तर! इतकी वर्षं झाली, मला भाऊ गेल्याच्या बातमीइतकीच ती पिशवी आठवते. त्याच रात्री शेजारच्या पेशंटची एक नातेवाईक बाई माझ्याजवळ येऊन बसली होती. ती काय बोलली यातला एकही शब्द मला आठवत नाही. पुढचा कागद आला तेव्हा तिने तो आधी स्वतः वाचला, मला दोन वाक्यांत सांगितला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं. ते बोट मला आठवतं.

या कामातले लोक त्या पिशवीसारख्या गोष्टींना ‘दुसरी जखम’ म्हणतात. पहिली जखम घटनेची असते, ती आपण कुणीच टाळू शकत नाही. दुसरी होते ती घटनेनंतर जे वाट्याला येतं त्याने. कुणी काही सांगत नाही, तासन् तास ताटकळत ठेवतात, डोक्यावरून बोलतात, प्रश्नांवर प्रश्न विचारतात. पोलीस, अग्निशमनचे जवान, डॉक्टर दुष्ट असतात म्हणून हे होतं असं नाही. त्यांचे हात दुसऱ्या कामात गुंतलेले असतात. ही मधली जागा भरायला कुणीतरी असावं, या विचारातूनच अमेरिकेत सॅन दिएगो भागात 1985 साली ‘ट्रॉमा इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्याचे प्रशिक्षित स्वयंसेवक सामान्य नागरिक असतात आणि आपत्कालीन यंत्रणेच्या बोलावण्यावरून घटनास्थळी जातात. तू करतेस ते याच जातीचं काम आहे. आणि मोबाईल चार्जिंगला लावणं, नावं लिहून घेणं, पोलिसांचा प्रश्न हळू आवाजात परत सांगणं ही त्या कामाची किरकोळ बाजू मानू नकोस. त्या रात्रीपुरतं मुख्य काम तेच होतं. त्या बाईचं डोकं तेव्हा चालत नव्हतं, तू तीन तास तिला तुझं दिलंस.

गप्प राहण्याबद्दलही सांगते. 28 नोव्हेंबर 1942 ला बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागली आणि 492 माणसं गेली. वाचलेल्यांवर आणि गेलेल्यांच्या घरच्यांवर एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने काम केलं आणि 1944 मध्ये ताज्या शोकाचं बारकाईने वर्णन केलं. त्यांच्या लक्षात आलं की हा शोक अंगात लाटांनी येतो. एक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, सारखे उसासे येतात, पोटात पोकळी वाटते. म्हणजे तुझ्या तीन तासांत त्या आईवरून अशा कितीतरी लाटा गेल्या असतील, आणि प्रत्येक लाट ओसरली तेव्हा शेजारी तेच माणूस बसलेलं होतं. लाटेच्या मध्यावर बोललेलं काहीही पोचत नाही. ती ओसरल्यावर दोन मिनिटं मिळतात, त्यात पाणी देता येतं, ‘आणखी कुणाला कळवायचंय का’ असं विचारता येतं. पुढच्या वेळी या चढउताराकडे लक्ष दे, गप्प बसणं तितकं अवघड जाणार नाही.

तू मानसशास्त्र शिकलेली नाहीस म्हणून खंतावतेस. या बाबतीत तज्ज्ञांनाच एक धडा घ्यावा लागला आहे, तो तुला माहीत असावा. 1983 मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवांतल्या कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत मांडली. भयंकर प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवायचं, काय घडलं, काय वाटलं ते क्रमाने बोलतं करायचं. ऐकायला अगदी पटतं. मन मोकळं केलं की बरं वाटतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पुढे हीच गोष्ट एकेका अपघातग्रस्ताबरोबर, एकाच बैठकीत करायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 1997 मध्ये आले. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बैठक झालेल्यांपैकी 26 टक्के लोकांना आघातोत्तर मानसिक विकार (त्या प्रसंगाच्या आठवणी आणि भीती पाठ न सोडण्याचा आजार) होता आणि बैठक न झालेल्यांपैकी 9 टक्क्यांना. बैठक झालेल्या गटातले लोक मुळातच जास्त भाजलेले होते, त्यामुळे सगळा दोष बैठकीला देता येत नाही. पण 2002 मध्ये अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासून, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यानेही हेच सांगितलं की एका बैठकीच्या या उपायाने नंतरचा विकार टळतो याला पुरावा नाही, आणि तो सक्तीने करणं थांबवावं.

म्हणून तू त्या आईला ‘बोला, मन मोकळं करा’ असं म्हणाली नाहीस, ते योग्यच झालं. ज्याला बोलायचंय त्याला बोलू द्यायचं, ज्याला भिंतीकडे बघत बसायचंय त्याला बसू द्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये ‘मानसशास्त्रीय प्रथमोपचार’ या विषयावर जे मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्याचा गाभा तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. तिथे धोका आहे का, कुणाला तातडीने काही हवंय का हे पाहायचं. बोलतील ते ऐकायचं, उकरायचं नाही. मग त्यांच्या माणसांशी आणि योग्य मदतीशी गाठ घालून द्यायची. त्यात हेही स्पष्ट म्हटलंय की हे काम फक्त तज्ज्ञांनीच करावं असं नाही. तुझी यादी आणि पहाटे आलेली ती बहीण म्हणजे तिसरं क्रियापद. तुझ्या हातून ते नीट झालं.

जिथे मला तू बोलायला हवी होतीस असं वाटतं, त्या दोन जागा मात्र आहेत.

पहिली, मुलाला बघण्याची. नातेवाईक ‘नको’ म्हणतात ते मायेपोटी, आणि बहुतेकदा त्यांना स्वतःलाच भीती वाटत असते. पण तो मुलगा तिचा आहे. बघायचं की नाही हे तिनेच ठरवायचं. आपण ‘बघा’ही म्हणायचं नाही आणि ‘नका बघू’ही नाही. ठरवण्यासाठी लागेल ती माहिती मात्र मिळवून द्यायची. नर्सला किंवा पोलिसांना विचारायचं, बघता येईल का? चेहरा कसा आहे, कुठे जखमा आहेत, काय झाकलेलं आहे, हात लावता येईल का? मग आईला शांतपणे, जसं आहे तसं सांगायचं आणि विचारायचं, ‘तुम्हाला काय वाटतं? थोडा वेळ घ्या. नुसता हात बघायचा असला तरी विचारता येईल.’ ब्रिटनमध्ये अपघात, आत्महत्या अशा मृत्यूंनंतर घरच्यांशी बोलून केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. शरीर पाहिलेल्यांपैकी फार थोड्यांना त्याचा पश्चात्ताप होता. काहींना आपल्या माणसाची नीट काळजी घेतली जातेय ना हे बघायचं होतं, काहींना निरोप घ्यायचा होता. कधी कायद्याच्या कारणाने थांबावं लागतं, स्पर्श करता येत नाही. तेही कारणासकट सांगायचं. ‘नाही’ ऐकण्यापेक्षा कारण न कळणं जास्त छळतं.

दुसरी जागा, ती 9 वर्षांची मुलगी. अशा गर्दीत मुलांकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि त्यांना मात्र सगळं ऐकू येत असतं. ‘दादा झोपलाय’ ऐकलेल्या मुलाला रात्री स्वतः झोपायची भीती वाटू शकते. ‘लांब गेलाय’ म्हटलं तर तो आपल्याला न सांगता का गेला, आपलं काही चुकलं का, असं मनात येतं. मुलांना साधे, खरे शब्द लागतात: ‘दादाला अपघात झाला. त्याचं शरीर इतकं दुखावलं की डॉक्टरांना ते बरं करता आलं नाही. तो मेला. आता तो परत येणार नाही. यात तुझी काही चूक नाही.’ हे तू सांगायचं नाहीस. आई-बाबांनी किंवा तिच्या जवळच्या माणसाने सांगायचं. तुझं काम त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच म्हणायचं की ‘तिला खरं सांगितलेलं बरं असतं, कसं सांगायचं ते आपण आधी ठरवू का?’ एवढ्यावर ते नको म्हणाले तर वाद घालायचा नाही. तीन आठवडे झाले असले तरी हे काम पूर्ण हातचं गेलेलं नाही. पथकाकडून त्या घरी चौकशीचा फोन जाणार असेल तर त्यात धाकट्या मुलीबद्दल आवर्जून विचारायला सांग.

माफी मागायला जाऊ का, असं तू विचारलं आहेस. नको जाऊस. तुझी भावना खोटी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण दार उघडलं की त्या आईसमोर ती रात्र पुन्हा उभी राहील, आणि तू रडायला लागलीस तर तुला समजावायची वेळ तिच्यावर येईल. ते ओझं तिचं नाही. जे झालं ते पथकप्रमुखांना शब्दशः सांग. चौकशीचा फोन त्यांनी किंवा दुसऱ्या सहकाऱ्याने करावा. त्या फोनवर आई स्वतःहून ‘त्या रात्री एक मुलगी होती’ असं म्हणाली आणि तुला भेटायचं म्हणाली, तर पथकाबरोबर विचार करून ठरवता येईल. आपला खासगी नंबर देणं, ‘कधीही फोन करा’ म्हणणं हे मात्र टाळ. पाळायला न जमणारं आश्वासन त्या घराला आणखी एक तुटलेली गोष्ट देऊन जातं.

रडण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण कधीतरी विचारशीलच. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. समोरच्याला ते कधी कधी बरंही वाटतं. आवाज फुटायला लागला तर ‘मी पाणी घेऊन येते’ म्हणून दोन मिनिटं बाहेर जा आणि परत ये.

थांबून राहणं पुरेसं नसतं अशाही वेळा येतात. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बडबड असंबद्ध होणं असं दिसलं तर लगेच डॉक्टर. ‘आता मला जगायचंच नाही’ असं कुणी म्हटलं तर ते दुःखाच्या भरातलं आहे असं धरून पुढे जाऊ नकोस. थेट विचार, ‘जीव द्यायचा विचार मनात येतोय का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस बोलतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि तिथल्या डॉक्टरांना व पथकप्रमुखांना तेव्हाच सांगायचं. हे गुपित ठेवायचं नसतं.

आता तुझी झोप. अशा रात्रीनंतर काही दिवस दृश्यं, आवाज परत येणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. आघातोत्तर विकाराचं निदानही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच करतात. तू त्या रेषेच्या अलीकडे आहेस, पण मला हे आवडलेलं नाही की तीन आठवडे तू हे कुणाशी बोलली नाहीस. पत्रात तरी तसं काही दिसत नाही. घरी सांगता येत नाही हे खरं, त्या कुटुंबाची ओळख आपण बाहेर नेत नाही. म्हणूनच प्रत्येक फेरीनंतर पथकातल्या कुणाशीतरी बोलण्याची सोय असायला हवी. तुझ्या पथकात ती नसेल तर तू मागून घे, आणि मिळेपर्यंत एकटीने जाऊ नकोस. तिसऱ्याच वेळी तुला एकटीला पाठवलं हे माझ्या मते पथकाचं चुकलं. या महिन्याच्या पाळ्या दुसऱ्या कुणाला दे. आणखी दोन आठवड्यांनीही जाग येत राहिली, किंवा रुग्णालयासमोरून जाणंसुद्धा टाळावंसं वाटायला लागलं, तर समुपदेशकाकडे जा, लाजू नकोस.

हे काम तू करावंस का? आईच्या ‘तुला कसं माहीत?’नंतर तू उठून निघून जाऊ शकली असतीस. दुसरं कुणी आणखी चार वाक्यं बोलून ते सावरायला गेलं असतं. तू बसून राहिलीस. बाकीचं शिकता येतं, मीही शिकले. महिनाभराने अनुभवी सहकाऱ्याबरोबर पुन्हा जा, तिच्या मागे उभी राहा, आणि मग ठरव.

आणि तो कागद उद्याच पथकप्रमुखांच्या हातात दे. टाकवत नाही हे मला कळतं, भावाच्या बुटांचं माझंही तसंच झालं होतं. पण बूट माझे होते. त्या कागदावर त्यांच्या घरची नावं आणि नंबर आहेत, तो आपल्याजवळ ठेवायचा नसतो. देताना सांग की ही यादी त्या आईने स्वतः सांगितली होती, आणि शेवटचं नाव लिहून होईपर्यंत तिचा मोबाईल बंद पडला नव्हता.

– तुझी ताई